तरुण झालेला टीव्ही

१

चोरी झाली होती, पण खोलीतली एकही वस्तू कमी झालेली नव्हती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जुनी पुस्तकांची कपाटं हलवून मोकळ्या केलेल्या लांब खोलीत, भिंतीलगत अकरा टीव्ही ओळीने मांडलेले होते. सगळे लाकडी पेटीतले, कृष्णधवल, आणि प्रत्येक कुणा ना कुणा नामवंताच्या घरात वर्षानुवर्षं चाललेला. पहिला एका मुष्टियोद्ध्याचा. चौथा एका मंत्र्याचा. निवडणुकीचा निकाल ऐकताना त्याने भिरकावलेल्या चपलेचा पोचा पेटीवर अजून होता. सातवा हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या निवेदिकेचा. नववा अंध व्हायोलिनवादकाचा. बारावा चौथरा रिकामा होता.

हे सगळं जमवणारी बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. चाळीस वर्षं तिने टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. दुकानात लहानाचा मोठा झालेला भाचा तिला आत्या म्हणे, म्हणून गिऱ्हाईकंही आत्या म्हणू लागली आणि पुढे सगळी गल्लीच. दुकान बंद झाल्यावर हा संग्रह हेच तिचं काम होतं. शुक्रवारी सकाळी दहाला तो लोकांसाठी खुला व्हायचा होता.

रोज दहा वाजता ती एकेक टीव्ही पाच मिनिटं चालू करी. जुनी प्रक्षेपणं केव्हाच थांबली होती, म्हणून तिने स्वतः एक डबा जोडला होता. त्यातून जुन्या कार्यक्रमांची चित्रं सगळ्या टीव्हींना मिळत. नववा टीव्ही त्यांतला सर्वांत सुस्त. चालू केल्यावर दोन मिनिटं अंधार, मग राखाडी धुकं, मग त्यातून वर येणारे चेहरे, ज्यांची कपाळं आणि गाल पत्र्यासारखे चंदेरी चकाकत. पिक्चर ट्यूब म्हातारी झाली की असं होतं.

गुरुवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिने नवव्याचं बटण फिरवलं. मिनिटाच्या आत चित्र आलं. काळं काळं होतं, पांढरं पांढरं होतं, निवेदकाच्या टायवरच्या रेघा मोजता येत होत्या.

आत्या खुर्चीवर बसली, पुन्हा उठली, पडद्याजवळ गेली. मग शेवटच्या चौथऱ्याला पॉलिश करत बसलेल्या सुताराला म्हणाली, "हा माझा टीव्ही नाही."

अकराला वाचनालयाचे अध्यक्ष आले, तेव्हा भाचा त्यांच्या आधीच पोचला होता. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते आणि चूक कुणाची आहे ते आधी ठरवून मग प्रश्न विचारायची त्यांची सवय सुटलेली नव्हती. त्यांनी नववा टीव्ही खरेदीच्या दाखल्यावरच्या फोटोशी ताडून पाहिला. पडद्यापुढच्या सरकत्या शटरवरचा आडवा ओरखडा जागच्या जागी. वर कपाने उमटवलेला गोल डाग जागच्या जागी. त्यांनी भाच्याला मागचं झाकण काढायला लावलं. टीव्ही दुरुस्त करणारे लोक झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख, बिघाड आणि सही लिहून ठेवतात. पुढच्या मेकॅनिकसाठी ती चिठ्ठी असते. झाकणावर आत्याच्या अक्षरात नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती आणि खाली: 'आवाज स्वच्छ. चित्र मंद. ट्यूब बदलू नये.'

अध्यक्ष आत वाकले, तीन वेळा शिंकले आणि नाक पुसत म्हणाले, "अक्षर तुमचंच ना, आत्याबाई?"

"अक्षर माझं. टीव्ही माझा नाही."

अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की मधल्या काळात आत्याबाईंनीच ट्यूब बदलली असेल आणि ते लक्षात राहिलं नसेल. या वयात चालायचंच. भाचा जमिनीकडे पाहत होता. त्याच्या खिशात समितीच्या नावे अर्ज होता. संग्रहाची जबाबदारी आणि खोलीची चावी आत्याकडून काढून आपल्याकडे द्यावी, अशी त्यात विनंती होती. गेल्या महिन्यात आत्या सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून घरी गेली होती आणि टेबलाला भोक पडलं होतं. ते तिला मान्य होतं. हे नव्हतं. समितीची बैठक दुपारी चारला होती.

दोघे खाली गेल्यावर आत्याने एक नंबर फिरवला. तीस वर्षांत तिने तो एकदाच फिरवला होता, तरी तो तिला पाठ होता.

२

विमा कंपनीत एकतीस वर्षं तपासनीस असलेली बाई साडेअकराला जिना चढून आली. जळलेली दुकानं, बुडालेली गोदामं आणि खोटं बोलणारे मालक पाहण्यातच तिची सगळी नोकरी सरली. तीस वर्षांपूर्वी आत्याच्या दुकानाला आग लागली, तेव्हा सगळे म्हणत होते की बाईने काहीतरी चालू ठेवलं असणार. तपासनिसाने दोन दिवस राख चाळली आणि आग शेजारच्या भिंतीतून आली असं लिहून दिलं.

"पुन्हा तेच आहे," आत्या म्हणाली. "सगळे म्हणतात, तुझीच चूक."

"आधी झाकण दाखवा."

झाकण तिने बोटाने पुसून पाहिलं. बोट स्वच्छ निघालं. मग टॉर्च घेऊन ती टीव्हीच्या आत वाकली आणि लगेच मागे सरली. आत वर्षानुवर्षांची धूळ होती, ट्यूबच्या मानेवर आणि काचेच्या व्हॉल्व्हच्या खोबण्यांवर जाड पांघरुणासारखी सपाट बसलेली. कुठे बोटाचा ठसा नाही, ब्रशचा ओरखडा नाही.

आत्या प्रत्येक टीव्ही दर सहा महिन्यांनी उघडून आतून साफ करी. नववा तिने गेल्याच महिन्यात केला होता. ती म्हणाली की आता समिती म्हणेल, तेही ही विसरली.

तपासनिसाने मान हलवली. अध्यक्ष म्हणतात तसं ट्यूब बदलली असती, तर धूळ विस्कटली असती. साफसफाई राहून गेली असती, तर झाकणावरही धूळ असती. "दार झाडलेलं आणि घर न झाडलेलं. हे दार ह्या घराचं नाही, आत्या. कुणीतरी टीव्ही बदलला आणि तुमचं झाकण काढून ह्याला लावलं."

आत्या खुर्चीवर टेकली. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकायला तिला फार बरं वाटलं असावं.

"मग चल, सांग त्यांना."

"धूळ मला पटली. समितीला नुसती धूळ दाखवून भागणार नाही. तुमचा टीव्ही त्यांच्यासमोर ठेवावा लागेल."

मग ती समोरच्या बाजूला आली. ब्राइटनेसच्या बटणाभोवती पिवळट कडं होतं. तिने बोट टेकवलं, तर ते चिकटलं. आत्याच्या मते ते कडं परवापर्यंत नव्हतं. ती टीव्हीला कधी काही चिकटवत नसे.

नवव्याला शेवटचं मंगळवारी सकाळी चालू केलं होतं आणि तेव्हा तो नेहमीसारखाच सुस्त होता. बुधवारी आत्या आलीच नव्हती. भाचा तिला स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. आजचा वार, महिना, घड्याळाचं चित्र, सगळं विचारून झालं. शेवटी डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, तर तिने उणे पाचपर्यंत नेले आणि विचारलं, अजून खाली जाऊ का?

तपासनीस हसली. मग पुन्हा पडद्याकडे पाहत राहिली.

"एक गोष्ट मात्र जुळत नाही," ती म्हणाली. "चांगली वस्तू नेऊन वाईट ठेवणारे मी खूप पाहिलेत. इथे म्हातारा टीव्ही गेलाय आणि त्याच्या जागी तरणाबांड आलाय. असला चोर मी पहिल्यांदाच पाहते आहे."

३

सुतार बुधवारी दिवसभर खोलीत होता. त्याने सांगितलं की दुपारी जुन्या वस्तूंचा दलाल आला होता, बाराव्या चौथऱ्यासाठी एका जलतरणपटूचा टीव्ही घेऊन. दोन हमालांनी तो रजईत गुंडाळून वर आणला. दलालाने रजई जराशी उचलून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि वाटेत ट्यूबला तडा गेल्याचं जाहीर केलं. मग त्याने सुताराला खालच्या टपरीवरून चौघांसाठी चहा आणायला पाठवलं. चहा घेऊन तो परतला तेव्हा हमाल रजई घेऊन जिना उतरत होते.

"म्हणजे आणलेला टीव्हीच परत गेला?" तपासनिसाने विचारलं.

"मॅडम, येताना रजई होती, जाताना रजई होती. आत काय होतं ते रजईला ठाऊक. चहा मात्र चारी मलाच प्यावे लागले."

चहाला किती वेळ लागला, हे त्याला नेमकं सांगता आलं: टपरीवाल्याचा स्टोव्ह पेटत नव्हता, वीस मिनिटं. एक टीव्ही काढून दुसरा ठेवायला आणि दोन झाकणांची अदलाबदल करायला जाणत्या माणसाला तेवढी पुरतात.

दलाल ओळखीचा होता. संग्रहातले दहा टीव्ही आत्याने त्या त्या घरांतून स्वतः आणलेले होते, काही तर तिनेच वर्षानुवर्षं दुरुस्त केलेले. एकटा नववा तिने दलालाकडून घेतला होता, दाखल्यासकट.

आत्या डॉक्टरांकडे असताना खोली उघडली कुणी, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर द्यायला भाचा खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसला होता. समोरचं वर्तमानपत्र उलटं होतं हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

त्याने काही लपवलं नाही. त्याच्याकडची दुसरी चावी त्याने बुधवारी सकाळीच दलालाला दिली होती; दलालाने फोन करून मागितली आणि सुताराला खोली मीच उघडून देतो म्हणाला. आत्याला सांगितलं नाही, कारण तिने ती देऊ दिली नसती. अर्ज त्यानेच लिहिला होता. झाकणावर मेकॅनिक लिहून ठेवतात हे त्याला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. त्या दुकानात तो झाकणांवरची अक्षरं लावतच वाचायला शिकला होता.

तपासनिसाने त्याला विचारलं की चावी मिळाल्यावर तो संग्रहाचं काय करणार होता.

"काय करणार? सांभाळणार. मी तिचा शत्रू आहे का?" तो म्हणाला. "टेबलाला भोक पडलं ते तुम्ही पाहिलंत का? त्या जागी तिचा हात असता तर? तिला वाटतं मी टीव्हींवर टपलोय. मला ती हवीय, धड."

"मग सकाळी तिच्या बाजूने का नाही बोललात?"

त्याने वर्तमानपत्र सुलट केलं. मग हळूच म्हणाला की त्याला स्वतःलाही तो टीव्ही चंदेरी आठवत होता. पण समोर झाकणावर आत्याचं अक्षर होतं. "मला वाटलं, मीच चुकतोय."

ह्याला चोर म्हणता येत नव्हतं. पण आत्याला एकटं पाडणारा पहिला माणूस हाच होता, हेही तपासनिसाने मनात नोंदवलं. घड्याळात दीड वाजला होता.

४

व्हायोलिनवादकाची मुलगी उद्घाटनासाठी आदल्या दिवशीच आली होती आणि दोन गल्ल्या पलीकडच्या लॉजवर उतरली होती. पन्नाशीची, शाळेत भूगोल शिकवणारी. तिने तपासनिसाला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. वाचनालयाचं निमंत्रण मिळाल्यावर ती रडली होती, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, जणू एक काम उरकलं.

तिच्या वडिलांनी सतरा वर्षं रोज संध्याकाळी सात ते नऊ टीव्हीसमोर घालवली. ते गेल्यावर टीव्ही बरीच वर्षं कापडाखाली पडून होता; नऊ वर्षांपूर्वी आईने तो दलालाला दिला. तपासनिसाने सहज विचारावं तसं विचारलं, लहानपणी तुम्ही त्यावर काय काय पाहायचात?

मुलीला प्रश्न कळला नसावा असं क्षणभर वाटलं.

"पाहायचो? ताई, आमच्याकडे टीव्ही ऐकायचा असे."

मग तिने सांगितलं. टीव्ही घरात आला त्या दिवशी वडिलांनी तिला आणि आईला समोर बसवलं. ते म्हणाले, ह्या घरात सगळ्यांना सारखंच मिळेल. आईने ब्राइटनेसचं बटण शून्यावर नेलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली. सतरा वर्षं ती निघाली नाही. शाळेत मैत्रिणी नट्यांच्या केसांबद्दल बोलत, तेव्हा ही आवाजावरून केस ठरवून ठोकून देई. एकदा एका टकल्या निवेदकाला तिने दाट कुरळे केस दिले होते, त्यावरून तिला वर्षभर चिडवलं गेलं.

"तुम्हाला राग नाही आला कधी?"

"आला ना. खूप आला. पण टीव्हीसमोर आम्ही तिघं अगदी एकसारखे होतो, ते फक्त त्या दोन तासांत."

तीन आठवड्यांपूर्वी तिने दलालाला पत्र लिहिलं होतं. टीव्ही अजून चालतो का, हे तिला विचारायचं होतं. पत्रात तिने हेही लिहिलं होतं की उद्घाटनाला येईन तेव्हा मला तो माझ्या हाताने चालू करायचा आहे आणि चिकटपट्टी काढून पाहायचं आहे.

"काय पाहायचं आहे?"

"चित्र. त्याचा पडदा उजळलेला मी जन्मात पाहिलेला नाही. कुणीच नाही."

तपासनीस उठून उभी राहिली. तिच्या बोटाच्या टोकाला तो चिकटपणा अजून होता.

५

वाचनालयाच्या जिन्यात तिने आत्याला सगळं सांगितलं. वाईट बातमी उभ्याने सांगायची नाही, हा तिचा जुना नियम होता, म्हणून दोघी पायरीवर बसल्या.

व्हायोलिनवादकाच्या टीव्हीचा पडदा कधी वापरलाच गेला नव्हता. म्हणजे त्याची ट्यूब नव्यासारखी असणार. बटणाभोवती चिकटपट्टीचा डाग असणार. आज वर नवव्या चौथऱ्यावर आहे तो नेमका तसा आहे.

आत्याला कळायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षांचा धंदा होता.

"म्हणजे वर आहे तो खरा."

"हो."

"आणि मी नऊ वर्षं पुसत होते, तो..."

"त्याच बनावटीचा दुसरा. कुणाच्या तरी घरातला, रोज पाहून पाहून थकलेला. ओरखडा आणि डाग मागाहून पाडलेले. नकली नेऊन अस्सल ठेवावंसं कुणाला वाटेल? ज्याने नकली अस्सल म्हणून विकला त्यालाच. उद्या मुलगी येणार, बटण फिरवणार, म्हातारा पडदा दिसणार, आणि ती सगळ्यांसमोर म्हणणार, हा आमचा नाही. तिने तसं कळवलं होतं ते एकाच माणसाला."

आत्याने कठडा धरून उठून हातातल्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आहे ना, ते चाचपलं. "चल," ती म्हणाली.

दलालाचं दुकान पुढे होतं आणि राहायची खोली मागे. आत्या दुकान ओलांडून, न विचारता पडदा सारून मागच्या खोलीत शिरली. एक आरामखुर्ची होती, पाय लांब करून बसण्याजोगी. खुर्चीसमोरच्या गालिच्यावर चार खोल खड्डे होते, टीव्हीच्या पायांच्या अंतरावर. त्या चार खड्ड्यांच्या मधे गालिच्याचा रंग अजून ताजा होता. कोपऱ्यात रजईखाली काहीतरी चौकोनी उभं होतं.

दलाल साठीचा, नीट कपड्यांतला, मृदू बोलणारा माणूस होता. त्याने नाकारायचा प्रयत्न केला नाही. व्हायोलिनवादकाच्या बायकोने टीव्ही दिला तेव्हा चिकटपट्टीची गोष्टही सांगितली होती. त्या संध्याकाळी त्याने तो अंधारातच लावला, आणि दुसऱ्या संध्याकाळीही. मग आत्या गिऱ्हाईक म्हणून आली, तेव्हा त्याने शब्द दिला, दाखला दिला, पण ऐन वेळी टीव्ही द्यायला त्याचा हात धजेना. नऊ वर्षं तो रोज सात ते नऊ, आत्याच्यासारखाच डबा जोडून, ह्या खुर्चीत डोळे मिटून बसत होता. आतली धूळदेखील काढली नाही. उघडला तर आवाज बदलेल अशी भीती वाटे.

"माझ्यापाशी ठेवता आला असता तर दिला नसता," तो म्हणाला. "आता तुमच्याकडे खरा आहे, बाई. नऊ वर्षांपूर्वी हवा होता तोच. मला वाटलं होतं, चित्र पाहून तुम्ही खूश व्हाल."

आत्याने रजई ओढून काढली. तिचा टीव्ही भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिने त्याच्या झाकणाचे स्क्रू काढायला घेतले.

दलाल तिच्या पाठीमागे उभा राहून बोलत राहिला, धमकी न देता, हिशेबी मित्रासारखा. तुम्ही गप्प राहिलात तर उद्या मुलगी खरा टीव्ही पाहील आणि धन्य होईल. तोंड उघडलंत तर सगळ्यांना कळेल की चाळीस वर्षं टीव्ही उघडणाऱ्या बाईला अस्सल-नकली ओळखता आलं नाही. मग उरलेल्या दहांवर कोण विश्वास ठेवेल? चावी तर भाच्याकडे, म्हणजे घरातच राहील.

"चारला वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. "विचार करा."

शेवटचा स्क्रू निघाला. आत्याने झाकण उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि पेन्सिलीची अक्षरं वाचली. दोनदा वाचली.

"विचार झाला," ती म्हणाली आणि तपासनिसाकडे वळली. "एक बाजू तू धर."

६

चार वाजून पाच मिनिटांनी समितीच्या टेबलावर, भाच्याच्या अर्जाच्या शेजारी, एक झाकण ठेवलं गेलं. टीव्ही खाली हातगाडीवर होता. व्हायोलिनवादकाची मुलगी दाराशी उभी होती. तपासनिसाने तिला बोलावून घेतलं होतं.

अध्यक्षांनी विचारलं की हे काय.

तपासनिसाने मोजकं सांगितलं: धूळ, चिकट कडं, चहाची वीस मिनिटं, पत्र, आरामखुर्ची. मग ती म्हणाली, "दलाल ह्या धंद्यात मुरलेला आहे, म्हणूनच चुकला. आत्याच्या अक्षराचं झाकण त्याने खऱ्या टीव्हीला लावलं, म्हणजे कुणाला संशय येऊ नये. मग खऱ्या टीव्हीचं झाकण उरलं. दुसऱ्या कुणी ते जाळून टाकलं असतं. पण ह्यांच्या धंद्यात टीव्ही उघडा ठेवत नाहीत आणि झाकण फेकत नाहीत. त्याने ते नेमाने नकलीवर बसवलं. वाचा."

अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं. सतरा वर्षांत एकाच मेकॅनिकने सहा वेळा लिहिलं होतं. स्पीकर बदलला. आवाजाचं बटण झिजलं, नवं बसवलं. पुन्हा स्पीकर. चित्राबद्दल एकही नोंद नव्हती, फक्त सर्वांत वर, पहिल्या तारखेखाली: 'चित्र चालू करू नये. मालकांची सूचना.'

दाराशी उभ्या मुलीने तोंडावर हात घेतला. तो मेकॅनिक तिला आठवत होता; त्याने एकदा गुपचूप चिकटपट्टी उचलायची तयारी दाखवली होती आणि तिनेच नको म्हटलं होतं.

अध्यक्षांनी झाकण खाली ठेवलं. त्यांचा चेहरा नरम झाला होता, पण सवय कायम होती. ते म्हणाले की चोरीचं सिद्ध झालं, ते ठीक. परंतु ह्याचा अर्थ असा की आत्याबाई नऊ वर्षं नकली वस्तू अस्सल म्हणून सांभाळत होत्या. समितीला ह्याचाही विचार करावा लागेल.

"करा," आत्या म्हणाली. ती बसली नव्हती. "मी फसले. ते उद्या पाटीवर लिहा, माझ्या नावासकट. फसले, पण विसरले नाही. सकाळी तुम्ही मला विसरली म्हणालात. मी म्हटलं, हा माझा टीव्ही नाही. तो माझा नव्हता. ह्या खोलीत काल काय होतं आणि आज काय आहे, हे एकट्या मला माहीत होतं, आणि चावी तुम्ही माझ्याकडून काढायला निघालात."

भाचा उठला, टेबलावरचा अर्ज उचलला आणि चौपट घडी करून खिशात ठेवला. मग दुसऱ्या खिशातून आपल्याकडची चावी काढून आत्यापुढे धरली.

"सोल्डरिंग आयर्न बंद करायचं मात्र मी बघणार," तो म्हणाला. "रोज."

"बघ. पण खालून हाक मारून. वर येऊन माझ्या डोक्यावर बसायचं नाही." तिने चावी घेतली. "आणि आता ते खालचं धूड वर आण. बाराव्या चौथऱ्यावर ठेव."

अध्यक्ष गोंधळले. त्यांनी आठवण करून दिली की हा नामवंतांच्या टीव्हींचा संग्रह आहे. खालचा टीव्ही कुणाचा होता तेही माहीत नाही.

"नाहीच माहीत. पण कुणीतरी तो रोज पाहिला. ट्यूब पांढरी पडेपर्यंत पाहिला. नऊ वर्षं मी त्याची धूळ काढली आणि एका थोर माणसाचा म्हणून त्याला मान दिला. त्याने कुणाला फसवलं नाही. तो बाहेर राहिला तर बाकीचे अकराही बाहेर. चावी माझ्याकडे आहे."

बैठक चार वाजून एकतीस मिनिटांनी संपली. दलालाने त्या संध्याकाळी भाच्यापाशी निरोप पाठवला: त्याला कधीकधी सात वाजता येऊन नवव्यासमोर बसता येईल का? आत्याने उलट निरोप दिला की खोली पाचला बंद होते आणि उभं राहायचं असेल तर रांगेत, सगळ्यांसारखं.

शुक्रवारी दहाला खोली उघडली. मुलीने नवव्याचं बटण फिरवलं, पडदा उजळला, आणि तिने सतरा वर्षांच्या आवाजांना प्रथमच चेहरे लागताना पाहिले. बराच वेळ पाहिलं. मग तिने ब्राइटनेसचं बटण हळूहळू शून्यावर आणलं, डोळे मिटले आणि ती नुसतं ऐकत उभी राहिली. तिच्या मागे उभ्या असलेल्या दोन-चार लोकांनी, का कुणास ठाऊक, तसंच केलं.

बाराव्याच्या पाटीवर सुताराने आत्याने सांगितलं तेवढंच लिहिलं होतं: 'मालक माहीत नाही. रोज पाहिला जात असे.'

आत्याने तो चालू केला. पडदा काळा राहिला. एका बाईने विचारलं की बिघडला आहे का.

"नाही," आत्या म्हणाली. "थांबा जरा."

लोक थांबले. एक मिनिट गेलं, दीड गेलं, कुणी हललं नाही. मग अंधारात राखाडी धुकं पसरलं आणि त्यातून चेहरे वर येऊ लागले, एकेक कपाळ, एकेक गाल, चंदेरी.